ढीग कोण उलटणार?

इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती, गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली माणसं आणि होसूर रोडवरचा लांबलचक उड्डाणपूल आठवतो. मला आठवतात ते आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून असलेले खताचे पाच हौद. हाउसमधल्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसू देत. गेल्या दोन सुट्ट्यांतला माझा निम्मा वेळ त्या हौदांपाशी गेला आहे, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिही म्हटल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

आमची सोसायटी लहान आहे, चाळीस घरांची. आम्ही मूळचे कोरेगाव तालुक्यातले, पण बाबांच्या नोकरीमुळे मी पहिलीत असल्यापासून घर बंगळुरूला आहे, आणि सहावीपासून मी इथे शाळेत आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटी हे माझं सुट्टीचं गाव. हे गाव तसं वयाने फार मोठं नाही. 1978 साली कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या कंपनीने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर जमिनीवर ते वसवलं. आर. के. बाळिगा यांची ती कल्पना होती. त्याआधी इथे काय होतं हे मला पुस्तकातून नाही, अक्काकडून कळलं. अक्काचं सासर इथल्याच एका गावातलं. तिच्या सासऱ्यांचं नाचणीचं शेत होतं आणि शेताच्या कडेला शेणाचा मोठा उकिरडा. कन्नडमध्ये उकिरड्याला 'तिप्पे' म्हणतात. आमच्या हौदांनाही ती तिप्पेच म्हणते.

अक्का आमच्या सोसायटीत दहा-बारा वर्षं काम करते. मराठीत अक्का आणि कन्नडमध्येही अक्का, त्यामुळे हाक मारायला अडचण नाही. ती मला 'तम्मा' म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ, जरी तिचा मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असला तरी.

सोसायटीने खत करायला सुरुवात केली त्याला कारण घडलं होतं. 2012 साली मावळ्ळीपुराच्या लोकांच्या विरोधामुळे तिथला कचरा डेपो बंद झाला आणि बंगळुरूच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. पुढे मंडूरच्या गावकऱ्यांनीही आंदोलन केलं. शहरातल्या माणसांनी टाकलेलं त्यांच्या विहिरीत झिरपत होतं, त्यांनी का सोसायचं? तेव्हा बंगळुरूतल्या पुष्कळ सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचं ठरवलं. आमच्याकडेही विटांचे जाळीदार हौद बांधले गेले. आजी म्हणते, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. आमच्या कमिटीला मात्र दोन महिन्यांत खत हवं असतं.

रोज साधारण 25 किलो ओला कचरा निघतो. अक्का तो पसरते, त्यातून प्लास्टिक, रबरबँड, चमचे, एकदा तर कुणाची कवळी, असं सगळं वेचून काढते. मग सुका पाला आणि नारळाचा भुसा मिसळते. पाल्याला आमच्याकडे तोटा नाही. करंज, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष मिळून आवार झाकून टाकतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, पाल्यात कार्बन जास्त. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं जमलं की जिवाणू जोमाने कामाला लागतात. ओल किती हवी यासाठी अक्काकडे मापक नाही. ती मूठभर मिश्रण उचलून आवळते. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला घाल, काहीच आलं नाही तर पाणी शिंपड. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला 50 ते 60 टक्के आर्द्रता म्हटलं असतं.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. मी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला, काटा 58 अंशांवर गेला. खाली कुठे आग नाही, वायर नाही. फक्त जिवाणू जेवत आहेत आणि त्यांच्या जेवणाची ती ऊब. पण जेवायला त्यांना प्राणवायू लागतो. आतला प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे, हवेशिवाय जगणारे जिवाणू हौद ताब्यात घेतात, ढीग थंड पडतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा कमिटीला फोन जातो की खिडकी उघडता येत नाही. म्हणून ढीग उलटावा लागतो. बाहेरचं आत, आतलं बाहेर, वरचं खाली.

एक हौद भरला की त्यात पाचशे किलोच्या आसपास माल असतो. फावड्यात एका वेळी चार किलो येतो असं धरलं, तर एक हौद पालटायचा म्हणजे सव्वाशे वेळा फावडं उचलायचं. ज्यांनी शिक्षा म्हणून मैदानाच्या कडेला खड्डे खणले आहेत त्यांना सव्वाशे म्हणजे किती हे सांगायला नको. अक्का पन्नाशीच्या पुढची आहे आणि हे काम ती दर आठवड्याला करत होती.

गेल्या मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी फावडं बंद करायला सांगितलं होतं. खताच्या कामाचे तिला महिन्याला दोन हजार रुपये वेगळे मिळतात आणि त्यातून तिच्या नातवाची शाळेची व्हॅन जाते. त्याच महिन्यात कमिटीपुढे एक प्रस्ताव आला होता: विजेवर चालणारं मोठं यंत्र घ्यायचं, कचरा आत टाकायचा, ते कापतं, ढवळतं, तापवतं. यंत्राबरोबर कंपनीचाच माणूस येणार. अक्काला जिने झाडायला ठेवायचं, जुन्याच पगारावर. कुणी वाईट हेतूने हे बोलत नव्हतं. उलट, बिचारीचा खांदा दुखतो, तिला विश्रांती मिळेल, असंच सगळे म्हणत होते. अक्काला कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "जिना झाडायला काय, कुणीही झाडेल. तिप्पे माझी आहे."

त्या रात्री मी वहीत लिहिलं: ढीग स्वतःचा स्वतः उलटला तर?

पुढचे चार महिने हा प्रश्न माझ्याबरोबर शाळेत होता. प्रेपच्या वेळेत मी त्यावर आकडेमोड केली (गृहपाठ आधी संपवून, हे शिक्षकांसाठी लिहितो). बाहेरून वीज न घेता उलटणारं साधन करायचं असेल तर शक्ती आणायची कुठून?

पहिला विचार साहजिकच ढिगाच्या उष्णतेचा आला. 1821 साली सीबेक या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की विद्युत परिणाम मिळतो. ढीग 60 अंशांवर आणि बाहेरची हवा 27 वर, मग का नाही? पण तापमानातला एवढा फरक असला तरी आदर्श इंजिनलासुद्धा त्यातून दहा टक्क्यांच्या वर काही मिळू शकत नाही, आणि बाजारातली छोटी पट्टी आदर्शाच्या जवळपासही नसते. टिंकरिंग लॅबमधल्या पट्टीने गरम पाण्याच्या डब्यावर एक एलईडी मिणमिणवला, तेवढाच. शिवाय ढिगातली उष्णता ओढून घेतली तर ढीग थंड होणार, आणि त्याच उष्णतेने तर रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात झाँ पँ नावाच्या माणसाने झुडपांच्या भुशाच्या प्रचंड ढिगात नळ्या घालून पाणी तापवलं होतं, पण तो ढीग अनेक टनांचा होता. आमच्या हौदाला ते परवडणारं नाही.

मग वजन. अक्का रोज बादल्या आणतेच, त्या वरून खाली येताना पिंप फिरवलं तर? दहा किलोची बादली एक मीटर खाली आली की 98 ज्यूल मिळतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. वाऱ्याचा विचार मी एका दिवसात सोडून दिला. आमच्या इमारतींच्या मध्ये वारा येतो तो फक्त वाळत घातलेले कपडे उडवायला.

आजीचा सल्ला सर्वांत सोपा होता. "कोंबड्या सोड रे त्यावर. दिवसभर उकरतील, अंडीही देतील." स्वतःच्या शक्तीवर चालणारं, स्वतःची दुरुस्ती करणारं आणि इंधन म्हणून आळ्या खाणारं यंत्र! आजी चेष्टा करत नव्हती, गावाकडे आमच्या उकिरड्यावर तेच चालायचं. पण सोसायटीच्या नियमांत कोंबडी बसत नाही. गांडुळंही उत्तम कामगार आहेत. 1881 साली चार्ल्स डार्विनने त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ती माती कशी खालीवर करतात यावर. पण 58 अंशांच्या ढिगात गांडूळ टिकत नाही. त्यांची पाळी ढीग थंडावल्यावर येते.

वाचनालयात शोधताना एक गोष्ट सापडली ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याला ती माहीत असायला हवी. जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला होळकरांच्या संस्थानात बसवली, आणि 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे येतं, वाडांचं क्वचितच. या पद्धतीत पाला, शेण, मूत्राची माती यांचे थर देऊन ढीग ठरलेल्या वेळी उलटत राहायचा, साधारण तीन महिन्यांत खत तयार. आणि गंमत अशी की दुसरी प्रसिद्ध पद्धत चक्क बंगळुरूच्या नावाची आहे. 1939 च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी ती बसवली. त्यात खड्ड्यात थर घालायचे, वरून झाकायचं आणि विसरून जायचं. उलटणं नाही, पाणी नाही. मात्र खताला सहा ते आठ महिने लागतात.

म्हणजे भांडण फार जुनं आहे. उलटलंत तर लवकर, नाही उलटलंत तर उशिरा. आमच्याकडे पाच हौद आणि मागे भिंत. सहा-आठ महिने थांबायचं तर आणखी दहा हौद बांधावे लागले असते आणि त्यासाठी पार्किंगची जागा गेली असती. बंगळुरूत माणूस एक वेळ जेवण सोडेल, पार्किंग सोडणार नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती कचऱ्यावर चालणारं लहान बायोगॅस संयंत्र केलं, त्याला 2006 साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यात उलटण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्यात आमचा पाला गेला नसता, आणि आम्हाला तर पाल्याचंही काही करायचं होतं.

तेव्हा उलटणं आलंच. फिजिक्सच्या सरांना माझी वही दाखवली. मी ऊर्जेचे आकडे मांडले होते. सर म्हणाले, "ऊर्जा नंतर. आधी सांग, जोर किती लागेल?"

हिशोब असा झाला. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप आडवं ठेवायचं आणि अर्धं भरायचं. आत 60 किलो माल. पिंपाची त्रिज्या 29 सेंटीमीटर. अर्ध्या वर्तुळाचा गुरुत्वमध्य मध्यापासून 12 सेंटीमीटर खाली येतो. ओला चिकट माल पिंपाबरोबर वर चढत जातो आणि मग धप्पकन कोसळतो. तो अगदी बाजूला आलेला असताना सर्वांत जास्त पीळ लागतो: 60 गुणिले 9.8 गुणिले 0.12, म्हणजे सुमारे 70 न्यूटन-मीटर. एका फेऱ्याचं काम जास्तीत जास्त 440 ज्यूल. आता बादलीचे 98 आठवा. एका फेऱ्याला साडेचार बादल्या लागतात आणि आमचा रोजचा कचरा अडीच बादल्या. अर्धा फेराच होणार. बादली बाद.

पण याच आकड्यांनी मला खुर्चीतून उठवलं. पाच फेरे म्हणजे 2200 ज्यूल. पट्टे, घर्षण, मोटारीतली गळती धरून दुप्पट केलं तरी साडेचार हजार. 20 वॉटचं सौर पॅनेल भर उन्हात एवढी ऊर्जा चार मिनिटांत देतं! अक्काचा खांदा ज्यासाठी गेला ते काम सूर्य चहा उकळायच्या आत करून टाकतो. अडचण ऊर्जेची नव्हतीच, जोराची होती, आणि सर तेच विचारत होते. जोर वाढवायचा असेल तर वेग कमी करा, हे तर सायकल चढावर नेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. ऑगस्टमध्ये पिवळी मेट्रो सुरू झाली होती, त्यामुळे या वेळी सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकायचा कार्यक्रम चुकला. दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन गुजरीत गेलो. गुजरी म्हणजे भंगाराचं दुकान. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आसपासच्या गुजरीत जे मिळतं ते दुसरीकडे मिळणार नाही. ऑफिसांमधून निघालेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या, संगणकाचे पंखे, तांब्याच्या तारांचे डोंगर. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची एक बॅटरी घेतली. ऑफिसला ती नको झाली होती, पण तिच्यात एक तृतीयांश जीव उरला असेल तरी वीस वेळा पिंप फिरलं असतं. गाडीच्या वायपरची मोटर मिळाली. विकणाऱ्याला तिची ताकद माहीत नव्हती, म्हणून दुकानातच मोजली. 20 सेंटीमीटरची पट्टी लावून टोकाला 5 किलोचं वजन टांगलं, मोटारीने उचललं. म्हणजे जवळजवळ 10 न्यूटन-मीटर. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत उभा राहिला आणि शेवटी पन्नास रुपये कमी केले.

पिंपाच्या एका टोकाला जुन्या सायकलची रिंग बोल्टने बसवली. टायर बसतो त्या खोबणीत व्ही-बेल्ट, आणि मोटारीवर साडेसात सेंटीमीटरची छोटी पुली. रिंग जवळपास 57 सेंटीमीटरची, म्हणजे साडेसातपट जोर. दहा गुणिले साडेसात, पंचाहत्तर. लागत होते सत्तर. काठावर पास, म्हणून पिंप अर्ध्याच्या वर भरायचं नाही अशी पांढऱ्या रंगाची रेघ आत ओढली. पिंपाला भोकं पाडली, आत तीन आडव्या फळ्या लावल्या, म्हणजे माल नुसता घसरत नाही. मधला पाइप दोन बेअरिंगवर. बॅटरी आणि पॅनेलच्या मध्ये चार्ज कंट्रोलर, मोटारीच्या वायरवर फ्यूज. वेल्डिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने करून दिलं. एकूण खर्च चार हजारांच्या आत, त्यातला निम्मा आजीच्या भाऊबीजेचा.

आजी आणि अक्का दोघी खुर्च्या टाकून बघत होत्या. एकीला कन्नड येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, तरी दोघींचं अखंड बोलणं चाललेलं. पिंप कमरेच्या उंचीवर ठेव, ही सूचना त्या दोघींपैकी कुणाची ते मला अजून कळलेलं नाही. पण ती सर्वांत कामाची ठरली. फावडं जमिनीपासून वर उचलण्याऐवजी बादली आता फक्त कलंडवायची होती.

माझ्या खोक्यात एक टायमर होता. रोज सकाळी सात वाजता पाच फेरे, कुणी हात लावायला नको. सेक्रेटरी अंकलना ही कल्पना फार आवडली. "फुल्ली ऑटोमॅटिक कर," ते म्हणाले. टायमर जोडण्याआधी मी अक्काला विचारायला गेलो, कारण पिंप शेवटी तिच्याकडे राहणार होतं.

तिने हातातली बादली खाली ठेवली. "रोज कशाला? वास आला तर उलटायचं. फार तापलं तर उलटायचं. काल घातलेलं आज अजून तापायला लागलंय, ते कशाला हलवायचं? पावसात तर आणखीच कमी. आणि वास आला हे त्याला कोण सांगणार?"

हे सगळं ती हिंदी-कन्नड मिसळून, हातवारे करत बोलली. मी रात्री ते तपासायला बसलो. ढीग तापत असताना सारखा हलवला तर उष्णता बाहेर पडते आणि तो हवा तेवढा तापतच नाही. 65 च्या वर गेला तर उलट जिवाणूच मरायला लागतात, तेव्हा हलवलेला बरा. म्हणजे कधी हलवायचं हे ढिगावर ठरतं, घड्याळावर नाही. दुसरी गोष्ट तिने सांगितली नाही, मी बघून लिहिली: ढीग उलटताना तिचे डोळे सतत फिरत असतात. त्या वेळीच तिला बॅटरीचा सेल सापडतो, औषधाची पट्टी सापडते, कुठे आंबलेल्या भाताचा गोळा झालाय ते दिसतं. बंद पिंपात ते दिसलं नसतं, म्हणून पिंपाचं झाकण मोठं केलं आणि जाळीचं केलं.

टायमर खोक्यातच राहिला. त्याऐवजी दारावरच्या घंटीचं एक मोठं लाल बटण लावलं, डाव्या हाताला येईल असं. ते नुसतं रिलेला इशारा देतं, मोटारीचा प्रवाह रिलेतून जातो. दाबून धरलं की फिरतं, सोडलं की थांबतं. यात सुरक्षितताही आहे. पट्ट्यात पदर अडकला तर हात आपोआप सुटतो. पट्ट्यावर पत्र्याचं आवरण आहेच.

पहिल्यांदा फिरलं तेव्हा पिंप अर्धं वर जाऊन थबकलं, मोटर घरघरली, आणि मग आतला माल कोसळला, धप्प. पुन्हा वर, पुन्हा धप्प. पाच फेऱ्यांना मिनिटभर लागलं. अक्काने बटण सोडलं, झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि मान हलवली. मग पुन्हा बटण दाबलं, आता नुसतं मजेसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर 47 वर होता, तिसऱ्या दिवशी 54 वर.

हे सगळं छान वाटत असलं तरी एका पिंपाने सोसायटीचं भागत नाही, हे कमिटीच्या बैठकीत मीच आकडे मांडून सांगितलं. कचरा आणि पाला मिळून रोज 30 किलो, म्हणजे एक पिंप दोन दिवसांत अर्ध्या रेघेला येतं आणि मग पंधरा दिवस अडकून राहतं. सगळा कचरा घ्यायचा तर आठ पिंपं लागतील. मोटर मात्र एकच पुरेल. चाकांच्या गाड्यावर मोटर आणि बॅटरी ठेवायची आणि एकेका पिंपाला पट्टा चढवत पुढे जायचं. पंधरा दिवसांनी अर्धवट झालेला माल हौदात, आणि तिथे गांडुळं. हौदांत मध्यभागी भोकं पाडलेले पाइप उभे केलेत, गरम हवा वर जाते आणि बाजूच्या जाळीतून गार हवा आत ओढली जाते. त्यामुळे तिथलं फावडं जवळजवळ बंद झालं आहे. एवढ्यासाठी मोटर नको, ऊन नको, काहीच नको. खरं तर माझ्या संपूर्ण खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू तो पाइपच आहे, पण त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

अक्काला बैठकीला बोलवावं असं आईने सुचवलं. ती दारात उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. एका काकूंनी विचारलं, "ते मोठं मशीन आलं तर तुला आराम नाही का?" अक्का म्हणाली, "आराम पाहिजे खांद्याला, मला नाही." मग तिने हातातली वही दाखवली. मी तिला थर्मामीटर वाचायला शिकवलं होतं, पण वही ठेवायला सांगितलं नव्हतं. कन्नड आकड्यांत तारीख, तापमान आणि पुढे एक खूण: नाकाचं चित्र म्हणजे वास, नुसती रेघ म्हणजे ठीक. बाबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ड्रिलचा उस्ताद परेड तपासतो तशी खोलीत शांतता झाली होती.

मोठ्या यंत्राचा निर्णय कमिटीने मे महिन्यापर्यंत पुढे ढकलला. रद्द केलेला नाही, हे लक्षात आहे माझ्या. आणखी दोन पिंपांना मंजुरी मिळाली आणि अक्काचे दोन हजार तोपर्यंत चालू राहतील असं मिनिट्समध्ये लिहून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वर्गणी दिली; त्यांची खिडकी आता उघडी असते.

दर रविवारी फोनवर आई मला वहीतले आकडे सांगते. गेल्या रविवारी म्हणाली की दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, पट्टा ओला होऊन घसरायला लागला. अक्काने त्यावर रांगोळीची पूड टाकून पाहिली, तेवढ्याने भागलं नाही, मग तिने डाव्या हाताने रिंगच ढकलून तीन फेरे दिले. मे महिन्यात पट्टा काढून तिथे सायकलची साखळी बसवायची आहे. मोटारीला बसेल असं लहान दातेरी चाक बाबांना गुजरीत अजून मिळालेलं नाही. आपल्या शाळेच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे एक जुनं आहे, आणि ते सुट्टीआधी मला देतील असं त्यांनी कबूल केलं आहे.